कुठली भरलीस?

तुमचा मामा काडतुसांच्या डब्याकडे बघून, गाडीच्या किल्ल्या उचलून दुकानात गेला, ह्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही दोघं शहरातून येताना एकच डबा आणलात, आणि कोल्बी म्हणाला की काडतूस रायफलीत बसतंय ना, मग झालं. हे वाक्य ह्या छपराखाली बोलायचं नसतं. दुकान बारा मैलांवर आहे, रस्त्यावर बर्फ आहे. रसला, तुमच्या मामाला, यायला तास तरी लागेल. तो यायच्या आत सांगतो, कारण त्याच्यासमोर कुणी सांगितलेलं त्याला चालत नाही. हॅना, चुलीत एक ओंडका टाक.

मी जिल्हा कचेरीच्या खिडकीत एकतीस वर्षं शिकारीचे परवाने दिले. स्वतः आयुष्यात एकच ससा मारला, तोही मोटारीखाली. म्हणून शिकारी मला खरं सांगतात. मी स्पर्धेत नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार, सव्वीस नोव्हेंबर, हरणांच्या हंगामाचा पहिला दिवस. आदल्या संध्याकाळी रस असाच गोळ्या आणायला दुकानात गेला होता. त्याला तेव्हा जगात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे हा कॅम्प, ही शिकाऱ्यांची झोपडी. म्हणजे ह्याची किल्ली; ती ज्याच्याकडे तो इथला, बाकीचे पाहुणे. कॅम्प बांधला त्याच्या सासऱ्याने, ऑर्व्हिलने. ऑर्व्हिल त्याच वर्षी फेब्रुवारीत वारला. अंत्यविधीच्या फुलांना मी वर्गणी दिली होती, तेव्हा ते पक्कं. मागे राहिले त्याचे कॅम्पातले जुने साथीदार, ग्लेन आणि क्लीट, दोघं सत्तरीच्या पुढचे. ऑर्व्हिलची किल्ली रसला द्यायची की नाही, हे ते दोघं रविवारी मतं देऊन ठरवणार होते. दोन माणसांत मतदान. आमच्या कचेरीतही असलं कधी झालं नाही.

चुलीच्या वर त्या चिंध्या दिसतायत ना? ज्याचा नेम चुकला, किंवा ज्याने जनावर जखमी केलं, त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापून तिथे ठोकायचं. खाली पेन्सिलीने नाव, साल, कारण. पण हे फक्त कॅम्पातल्या माणसाचं. पाहुण्याचा शर्ट कापत नाहीत. पाहुणा चुकला तर त्याला कॉफी देतात. रस आठ वर्षं इथे पाहुणा होता. सहा वेळा चुकला. सहा वेळा कॉफी प्यायला.

आता रायफल. खारीला आणि सशाला पॉइंट टू-टूची बारकी रायफल पुरे, तिने हरीण मारायला कायदाही परवानगी देत नाही. हरणाला लोक थर्टी-थर्टी घेतात, थर्टी-ओ-सिक्स घेतात. ऑर्व्हिलची होती टू-फॉर्टी-थ्री. ती मधली. उन्हाळ्यात बागा उकरणाऱ्या ग्राउंडहॉगला, म्हणजे मोठ्या घुशीसारख्या जनावराला चालते, हिवाळ्यात हरणाला चालते. फक्त गोळी बदलायची. हरणाला शंभर ग्रेन वजनाची जड गोळी, ती आतपर्यंत जाते. ग्राउंडहॉगला अठ्ठावन्न ग्रेनची हलकी, ती लागल्या जागीच फुटते. काडतुसं बाहेरून जुळ्या भावंडांसारखी. म्हणून ऑर्व्हिल पहाटे अंधारात, निघायच्या आधी, प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून विचारायचा, "कुठली भरलीस?" आणि काडतूस काढून दाखवल्याशिवाय हात उचलायचा नाही. स्वतःच्या धाकट्या भावालाही त्याने ह्यातून सोडलं नाही, आणि भाऊ सैन्यातला.

तर त्या संध्याकाळी दुकानवाल्या नॉर्माने सांगितलं, जड संपल्या, देशभर संपल्यात, हलक्या तेवढ्या आहेत. रस म्हणाला, त्या दे. ती म्हणाली, "ती गोळी हरणाच्या खांद्यावर फुटेल आणि हरीण चालत जाईल. माझ्या नवऱ्याची थर्टी-थर्टी घेऊन जा. तो गुडघ्याचं ऑपरेशन करून बसलाय, त्याला कुठे लागतेय." चांगली सोय होती. पण रसला हरीण, आता त्याच्याकडे आलेल्या, ऑर्व्हिलच्याच रायफलीने पाडायचं होतं, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांदेखत. त्याने हलक्यांचा डबा घेतला. कॅम्पावर ग्लेनने विचारलं, मिळाल्या का जड? रस म्हणाला, मिळाल्या.

शनिवारी दुपारी तो ऑर्व्हिलच्या खोक्यात जाऊन बसला. ते तुम्ही उद्या बघाल. चार खांबांवर पंधरा फूट उंच, मचाणासारखं बंद लाकडी खोकं, तीन बाजूंना हातभर रुंद, वीतभर उंच खिडक्या, मागे दार, दाराशी शिडी. शिडीला अकरा पायऱ्या. दाराला बाहेरून लाकडी फिरकी, एकाच स्क्रूवर फिरणारी, वाऱ्याने दार उघडू नये म्हणून. आतून काही नाही.

पाचला दहा कमी असताना चाळीस पावलांवर हरणाची मादी आली. रसने नेम धरला. नेम चांगला होता, हे मुद्दाम सांगतो. गोळी खांद्यावरच लागली. मादी पडली, उठली, तीन पायांवर हेमलॉकच्या झाडांखाली गेली आणि तिथे बसली. मान वर. खोक्याकडे बघत.

अशा वेळी खाली उतरायचं, जवळ जायचं, तिचे हाल संपवायचे. रसही तेच करणार होता. पण मग त्याने विचार केला. खांदा फुटलेली मादी कॅम्पावर नेली तर क्लीट ती सोलणार. सोलली की हलकी गोळी दिसणार. त्यापेक्षा गुपचूप निघून जावं, काही दिसलं नाही म्हणावं. ग्लेन आणि क्लीट सकाळचं हरीण घेऊन खाटकाकडे गावात गेले होते, नऊच्या आत येणार नव्हते. कॅम्पावर गोळीचा आवाज ऐकणारं कुणी नव्हतं.

त्याने दार ढकललं.

दार उघडलं नाही.

फिरकी आपोआप पडली असेल म्हणून त्याने खांदा लावला, मग लाथ घातली. खोकं ऑर्व्हिलने बांधलेलं. त्या माणसाने आयुष्यात काही हलकं बांधलं नव्हतं. फोनला ह्या खोऱ्यात रेंज नाही, ते तुम्हाला आल्यापासून कळलंच आहे, दहा वेळा बघून झालं तुमचं. तीन गोळ्या ओळीने झाडल्या की संकटात आहे असं समजून कुणीतरी येतं. पलीकडच्या डोंगरावर दुसरा कॅम्प होता. रसने रायफल उचलली. पण येणारे दिवे घेऊन येणार, आणि दिव्यात आधी मादी दिसणार. त्याने रायफल खाली ठेवली.

सव्वापाचला मिट्ट काळोख झाला. रायफलीवरच्या दुर्बिणीतून काही दिसेना. मादीचा श्वास मात्र ऐकू येत होता. ओला, तुटक.

मग शिडी वाजली.

एक पायरी... थांबून दुसरी. म्हाताऱ्या माणसाची चाल. ग्लेन लवकर आला, असं रसला वाटलं. त्याने हाक मारली. पावलं चढतच राहिली. पायऱ्या तो मोजत नव्हता, पण मोजल्या गेल्या. नऊ... दहा... अकरा.

दाराबाहेर कुणीतरी उभं होतं. फळीच्या जाडीएवढं अंतर.

"कुठली भरलीस?"

...

रस म्हणाला, "जड."

मग पावलं उतरली. अकरा. तो सुटला असं वाटून त्याने दार ढकललं. दार तसंच.

आणि शिडी वाजली. पहिल्या पायरीपासून.

असं तीन वेळा झालं. तीन वेळा तोच प्रश्न, तीन वेळा तो म्हणाला, जड. मधल्या वेळात तो खिडकीला तोंड लावून बसायचा, कारण आत हवा पुरेना. खिडकीतून हात बाहेर जायचा, कोपर अडकायचं. खाली मादीचा श्वास. थांबायचा... थांबला असं वाटायचं... पुन्हा यायचा. तो मला म्हणाला, "मर्ल, मला ती मेलेली हवी होती. आणि ती मरत नव्हती."

चौथ्या वेळी पावलं आली ती चढून आली नाहीत.

आतच होती.

मागे. त्याच्या आणि दाराच्या मध्ये. जिथे हातभर जागा होती. खांद्यावर हात पडला. जड हात. तो ओळखीचा होता, आठ वर्षांचा. कमरेशी, मागच्या बाजूला... गार काहीतरी लागलं. लोखंडासारखं गार.

"कुठली..."

"हलकी," रस म्हणाला. "हलकी भरली. नॉर्मा नको म्हणाली होती. मादी खाली आहे. जिवंत आहे."

...

हात उचलला गेला. दाराची फिरकी फिरल्याचा आवाज झाला. दार उघडलं.

शिडीवर, बर्फात त्याला काय दिसलं ते त्याने मला सांगितलं नाही. मी विचारलं नाही. तो खाली उतरला, टॉर्च घेऊन मादीजवळ गेला आणि एका गोळीत तिला सोडवली. शिकारीची वेळ संपल्यानंतरची गोळी, कायद्याने गुन्हा. मी निवृत्त आहे, मला असलं हल्ली ऐकू येत नाही.

नऊ वाजता ग्लेन आणि क्लीट आले तेव्हा मादी बाहेर टांगलेली होती, आणि रस ह्याच बाकावर कोट घालून बसला होता. त्याने दोघांना हलक्या गोळीचं सगळं सांगितलं, खोटं बोललो तेही सांगितलं. बाकीचं नाही सांगितलं. ग्लेन म्हणाला, ठीक आहे, उद्या बघू. म्हणजे नाही. आमच्याकडे असंच नाही म्हणतात. क्लीट कॉफी ओतायला लागला.

रसने कोट काढला. खालचा बिनबाह्यांचा लोकरी डगला काढला. क्लीट कॉफी ओतता ओतता थांबला.

"मागं वळ," क्लीट म्हणाला.

रस वळला. शर्टाचं मागचं टोक नव्हतं. सरळ रेषेत कापलेलं, शिंपी कापतो तसं. वरचा डगला धड, कोट धड.

"पाहुण्याचा आपण कापत नाही," क्लीट ग्लेनला म्हणाला.

"मी नाही कापला," ग्लेन म्हणाला.

मग तिघांनी चुलीच्या वर बघितलं.

रविवारी मतदान झालंच नाही. ग्लेनने सकाळी ऑर्व्हिलची किल्ली रसच्या बशीशेजारी ठेवली आणि अंड्यांवर मीठ मागितलं. त्या दिवसापासून तुमचा मामा इथला. आणि त्या दिवसापासून पहाटे खांद्यावर हात ठेवून विचारायचं काम त्याचं. उद्या तुम्हाला विचारेल. दाखवा.

गाडीचा आवाज येतोय. आला वाटतं. कोल्बी, तो यायच्या आत उठून बघ, डावीकडून चौथी चिंधी. लाल-काळ्या चौकड्यांची. हात लावू नकोस. खाली नाव नाही, साल नाही. सुताराच्या पेन्सिलीने एवढंच लिहिलंय, ५८. ती ठोकली गेली तेव्हा गोळीचा तो आकडा रस आणि नॉर्माखेरीज कुणाला माहीत नव्हता.

आणि खिळा बघ, तीन इंची, मुंडीपर्यंत ठोकलेला. ह्या कॅम्पावर हातोडी एकच आहे. त्या दिवशी सकाळपासून रात्री नऊपर्यंत ती ग्लेनच्या गाडीत होती, गावात.