दगड कुणाचे

अ‍ॅडव्होकेट रत्नमाला पगारे यांची त्या दिवशी वैजापूरच्या कोर्टात एका बांधाच्या भांडणात तारीख होती. तारखेला नेहमीप्रमाणे पुढची तारीख मिळाली आणि बाई चार वाजताच मोकळ्या झाल्या. सरळ शहरात यायचं, अदालत रोडवरच्या ऑफिसात दोन सह्या करायच्या आणि घर गाठायचं, एवढाच बेत होता. पण वकीलबाईंना एक खोड होती. पंचनाम्यातल्या जागेवर स्वतः उभं राहिल्याशिवाय त्यातलं एक अक्षर त्यांना खरं वाटायचं नाही. वाटेत फरहानचं वळण लागणार होतं, आणि तिथं एकदा उतरायचं हे त्यांनी केव्हापासून मनात धरलं होतं.

फरहान म्हणजे मुकुंदवाडीत फ्रिज आणि एसी दुरुस्त करणारा तिशीतला माणूस. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तो बायकोला, उजमाला घेऊन वैजापूरच्या एका लग्नाहून परतत होता. दिवस मावळत होता. वळण घेतलं आणि समोर रस्त्यात दगड, माणसाच्या डोक्याएवढे, एका ओळीत मांडलेले. त्यानं गाडी डावीकडं ओढली. डावीकडं बाभूळ होती, आणि उजमा त्याच बाजूला बसली होती. तिनं पाणीसुद्धा मागितलं नाही.

पंचनामा झाला दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यात लिहिलं होतं, रस्ता कोरडा, डांबरी, रस्त्यावर कोणताही अडथळा मिळून आला नाही. झालं. दगड नव्हते म्हणजे फरहान खोटं बोलत होता, आणि खोटं बोलत होता म्हणजे बायको त्याच्याच निष्काळजीपणानं मेली. तसा खटला उभा राहिला. उजमाच्या माहेरच्यांनी त्याचं तोंड बघणं सोडलं. तुरुंगाची त्याला फारशी भीती नव्हती. दर तारखेला तो वकीलबाईंना एकच विचारायचा, “मॅडम, पत्थर थे ना? मैंने देखे थे... अब मेरेकूच भरोसा नहीं रहा.” यावर बाई फाईल उघडून पुढची तारीख सांगायच्या. खोटा दिलासा देणं त्यांना कधी जमलं नाही, आणि खरं काय ते त्यांना माहीत नव्हतं.

असे दगड येतात कुठून, हे मात्र त्या रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. ट्रक बंद पडला की ड्रायव्हर आधी मागं तीसचाळीस पावलांवर दगड मांडतो आणि वर बाभळीची फांदी ठेवतो. लाल तिकोनी पाटी गाडीत असते, पण ती चोरीला जाईल म्हणून बाहेर निघत नाही. दगड कोण चोरणार? इथपर्यंत सगळं शहाणपणाचं आहे. मग टायर बदलतो, फांदी वाऱ्यावर जाते, ट्रक पुढं जातो आणि दगड राहतात तिथंच. ते उचलायला चाळीस पावलं मागं चालणं जिवावर येतं. कायदा नंतर विचारतो, दगड कुणाचे? ट्रकचा नंबर सापडला तर ट्रकवाल्याचे. फार दिवस पडून होते आणि रस्ता सांभाळणाऱ्यानं हलवले नाहीत, तर त्याचे. यातलं काहीच सिद्ध झालं नाही, तर सगळं जो धडकला त्याच्या माथी. पंचवीस वर्षांच्या वकिलीत रत्नमालाबाईंना हे शेवटचं कधी पटलं नव्हतं.

वळणाच्या अलीकडं मालनबाईंची चहाची टपरी होती. साठीच्या मालनबाई स्टोव्ह विझवून भांडी पोत्यात भरत होत्या.

“मावशी, एवढ्यात बंद?”

“दिस मावळायच्या आत निघते मी. उरलाय घोटभर, घ्या.”

चहा कोमट होता. बाईंनी तो पिता पिता सहज विचारल्यासारखं विचारलं, “या वळणावर रस्त्यात कधी दगड पडलेले असतात का हो?”

“असत्यात की.”

रत्नमालाबाईंचा कप ओठाशीच राहिला. दोन वर्षं सगळं कोर्ट ज्या गोष्टीवर अडलं होतं, ती ही बाई भांडी भरता भरता सांगत होती.

“रोज?”

“रोज नाय. कवा कवा. सांच्याला असत्यात, सकाळी नसत्यात.”

“मग उचलतं कोण?”

“हाय एक मानूस. उचलून कडंला ठिवतो.”

“आणि मांडतं कोण?”

मालनबाईंनी पोत्याचं तोंड बांधलं. “मांडताना कुनी नाय पाह्यलं. उचलणाऱ्याचीबी पाठच दिसते तेवढी...” त्यांनी पोतं डोक्यावर घेतलं आणि थोडा वेळ वकीलबाईंकडं पाहिलं. “इचारायची लई हौस हाय तुमाला. पण आता निघा, बाई.”

हौस होतीच. दुसरं कुणी असतं तर गाडीत बसून काचा वर केल्या असत्या. रत्नमालाबाई वळणावर चालत गेल्या, रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिला, बाभळीच्या सालीवरचा जुना घाव हात लावून पाहिला. रस्त्यात काही नव्हतं. दोन्ही बाजूंना कपाशी होती आणि तिची पांढरी बोंडं उजेड गेल्यावरही दिसत राहिली. एक एसटी गेली. तिचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला आणि मग तोही थांबला. कुठूनसा सडलेल्या कांद्याचा आणि डिझेलचा वास आला.

त्या मागं वळल्या, तर रस्त्यात दगड होते. सात. आणि एक माणूस त्यांच्याकडं पाठ करून वाकला होता, अंगात खाकी सदरा, खांद्यावर पंचा. त्यानं एक दगड पोटाशी धरला, सावकाश कडेला नेला, ठेवला आणि परत आला.

वास्तविक बाईंच्या अंगावर काटा यायला हवा होता. त्याऐवजी आधी त्यांना आनंद झाला, हे त्यांनी पुढं स्वतःच कबूल केलं.

“काका, दगड कुणाचे?”

“माझेच.”

“तुमचा ट्रक कुठंय?”

“गेला... कांदा व्हता गाडीत. मार्केटला पोचायचं व्हतं.”

“आणि तुम्ही?”

“मी मागं आलो. उचलाया.” त्यानं दुसरा दगड उचलला. “कवा येळंवर पोचतो. कवा उशीर व्हतो.”

रत्नमालाबाईंनी आवाज जपून वापरला, साक्षीदार बिचकू नये म्हणून वापरतात तसा. “दोन वर्षांपूर्वी इथं एक पांढरी गाडी बाभळीवर गेली. तेव्हा दगड होते?”

माणूस थांबला.

“हिरवी ओढनी व्हती बाईची,” तो म्हणाला. “पोरगा तिला हाका मारत व्हता... लई हाका मारल्या त्यानं.”

“आणि तुम्ही काय केलंत?”

“दगड उचलले.”

“माणसं सोडून दगड?”

“मला दुसरं काय करता येत नाय.”

आता मात्र बाईंना राग आला, आणि राग आला की त्या समोर कोण आहे हे बघत नसत. “तुम्ही दगड उचललेत म्हणून सकाळी पोलिसांना रस्ता मोकळा सापडला. म्हणून तो पोरगा आज आरोपी आहे. बायकोला आपणच मारलं असं त्याला वाटायला लागलंय. कळतंय का तुम्हाला?”

हातातला दगड त्यानं छातीशी आणखी घट्ट धरला. मग म्हणाला, “रस्ता साफ केला की आपलं फिटलं, असं वाटायचं मला...”

“नाही फिटलं. त्याच्या गळ्यात पडलं. कोर्टात येऊन सांगाल?”

“बोलावलं तर यीन. बोलावल्याबिगर मला ह्या वळनाच्या म्होरं जाता येत नाय.”

या वाक्यात काहीतरी बरोबर नव्हतं. पण वकिलाच्या कानांना त्यात फक्त समन्स ऐकू आलं. बाईंनी डायरी काढून नाव विचारलं. कारभारी सांडू सोनवणे, वैजापूर, मार्केट यार्डाच्या मागं. त्यांनी मान वर केली तेव्हा तो शेवटचा दगड कडेच्या ढिगावर टाकत होता. दगड दगडावर पडला.

त्या पडण्याचा आवाज झाला नव्हता. हे त्यांच्या ध्यानात आलं ते शहराचे दिवे दिसायला लागल्यावर, आणि मग घरापर्यंत त्यांनी गाडीचा रेडिओ चालू ठेवला.

बचावाचा साक्षीदार म्हणून अर्ज झाला, समन्स निघालं. ते बजावायला गेलेले हवालदार कडुबा चार दिवसांनी ऑफिसात आले आणि पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीवर बसले. कडुबांची नोकरी तीस वर्षांची. असं समन्स त्यांच्या हाती कधी आलं नव्हतं.

“मॅडम, तुमचा साक्षीदार मेलाय.”

“कधी?”

“नऊ वर्षं झाली. लेकीनं फोटो दाखवला, हार घातलेला. म्हनली, एकदा बापाचा ट्रक वळनावर बंद पडला व्हता. दुरुस्त करून मार्केटला पोचला आन दुसऱ्या दिशी कळलं, ह्याच्या दगडांवर मोटारसायकलवाला आपटून मेला. कुनाला बोलला नाय. महिनाभर जेवला नाय नीट. मग एका सांच्याला म्हनला, दगड उचलून येतो. तिथंच, रस्त्याच्या मधीच, मोठ्या गाडीखाली गेला.”

रत्नमालाबाईंनी पेन खाली ठेवलं. “मग समन्सवर तसं लिहा. मयत.”

“लिहायलाच बसलो व्हतो स्टँडवर.” कडुबांनी पिशवीतून समन्सची प्रत काढून टेबलावर ठेवली. “पिशवी माझ्या खांद्याला व्हती. कुनी हात लावला नाय.”

पोच म्हणून सही करायच्या जागी सही होती. कारभारी सांडू सोनवणे. अक्षर मोठं, जड हाताचं, आणि कागदाला डिझेलचं बोट लागलेलं.

“आता काय लिहू? मयत लिहू का बजावलं लिहू?”

“जे झालं ते लिहा, हवालदार.”

कडुबांनी दोन्ही लिहिलं आणि पाणी न पिता निघून गेले. बाई त्या सहीकडं कितीतरी वेळ पाहत बसल्या. भीती होती, नाही असं नाही. पण भीतीहून मोठं कुतूहल होतं. मेलेला माणूस आरोपी होत नाही, हे कायद्यात पक्कं आहे. तो साक्षीदार होतो का, हे विचारायची वेळ कुणावर आली नव्हती. फरहानला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. दगड होते हे आता त्यांना माहीत होतं, पण कुणाच्या शब्दावर माहीत होतं ते सांगायला तोंड नव्हतं.

डिसेंबरात शहरातल्या कोर्टात तारीख पडली आणि पुकारा व्हायला संध्याकाळचे पाच वाजले. शिपायानं दारात उभं राहून कारभारीचं नाव तीनदा पुकारलं. कुणी आलं नाही. न्यायाधीशांनी समन्सवरचा शेरा वाचला, चष्मा काढून परत वाचला.

“वकीलबाई, साक्षीदार मयत आहे आणि समन्स त्यानं स्वतः घेतलं, असं लिहिलंय. मी काय समजू?”

“मलाही तेच कळत नाही, साहेब.”

मागच्या बाकांवर हसू फुटलं. सरकारी वकीलही हसले. न्यायाधीश गैरहजर असा शेरा लिहायला वाकले, म्हणजे आता निकाल तेवढा राहिला होता, आणि त्याच वेळी आरोपीच्या जागी फरहान उठून उभा राहिला. बाईंनी हातानं बस म्हणून खुणावलं. पण तो त्यांच्याकडं पाहत नव्हता. साहेबांकडंही नाही. साक्षीदाराच्या रिकाम्या पिंजऱ्याकडं, तिथं कुणी उभं असल्यासारखा, पाहत होता.

“चाचा...” तो हळू म्हणाला. “पत्थर थे ना?”

“व्हय.”

हसू थांबलं.

“व्हते, पोरा. माझेच व्हते... तुझी काय चूक नव्हती.”

आवाज म्हातारा होता, दमलेला होता आणि पिंजऱ्यातून आला होता. पिंजऱ्यात कुणी नव्हतं. फरहाननं कठडा दोन्ही हातांनी धरला, खाली बसला आणि ओंजळीत तोंड लपवून रडायला लागला. दोन वर्षांत तो एकदाही रडला नव्हता. रत्नमालाबाईंना त्याच्याकडं बघवेना. त्यांचेही डोळे भरून आले होते.

“कोण बोललं?” न्यायाधीशांनी विचारलं. त्यांची नजर टायपिस्ट सरितावर गेली. पिंजऱ्यातून येईल ते खाली मान घालून टाइप करायची तिच्या बोटांना सवय होती, आणि बोटं आत्ता कुठं थांबली होती.

“वाचा.”

“दगड होते. माझेच होते. आरोपीची काही चूक नव्हती.” सरिता थांबली. “साहेब, पुढंही आहे... पण हे कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. मी कधी टाइप केलं तेच...”

“वाचा.”

“आजही दगड आहेत. आज उचलायला मी तिथं नाही. मला इथं बोलावलंय.”

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. डिसेंबरात दिवस सहाच्या आत मावळतो, आणि ते वळण तिथून पाऊण तासावर होतं. सगळ्यात आधी फरहान उठला. कुणाची परवानगी न घेता तो दाराकडं धावला, आणि त्याच्या मागं रत्नमालाबाई, काळ्या कोटासकट, हातात गाडीची किल्ली. मागं राहिलेली वीसबावीस माणसं जागच्या जागी बसून राहिली. आपल्याला माहीत नव्हतं, असं आता त्यांच्यापैकी कुणालाच म्हणता येणार नव्हतं.