लाकडाच्या वासाची तंद्री

"मी पुन्हा येऊ का... तुम्ही परत आल्यावर?"

तिनं दचकून मान वर केली. काउंटरपलीकडे एक उंच तरुण उभा होता. एक गाल टम्म सुजलेला, आणि त्याच गालानं हसायचा प्रयत्न चाललेला.

"सॉरी, मी जरा..."

"कुठे गेला होतात?"

दातांच्या त्या दवाखान्यात ती रिसेप्शनला होती. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या, घाबरलेल्यांना पाणी पाजायचं. मधेच नजर खिडकीबाहेर जायची आणि बाई हरवायच्या! डॉक्टर तिला 'तंद्रीबाई' म्हणायचे, घरी आई कपाळाला हात लावायची. पण कुठे जातेस, असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. म्हणून असेल, तिनं खरं सांगून टाकलं.

"एका खोलीत. लाकडाचा वास होता. मी टेबलाचा पाय घासत होते."

"मग घ्या घासून. दुखतंय, पण थांबतो."

तो जहाजावर इंजिनिअर होता, लांब सुट्टीवर आलेला. दाढेचं काम एका खेपेत संपणारं नव्हतं, आणि त्याबद्दल तिनं मनोमन दाढेचे आभार मानले. तो वेळेच्या बराच आधी यायचा, काउंटरवर कोपर टेकून हळूच विचारायचा, "आज कुठे?" कधी ती खुर्चीची पाठ कोरत असायची, कधी खिडकीची चौकट जुळवत.

एकदा मात्र तो हसला नाही.

"एक सांगू? स्वप्नात तुम्ही एकदाही बसलेल्या नसता. आणि दरवेळी हातात लाकूड."

"मनाचे खेळ हो."

"रोज एकच खेळ?" बधिर जिभेनं शब्द अडखळत होते, डोळे मात्र स्थिर होते. "एकदा जाऊन नुसता वास तरी घेऊन या."

त्या रविवारी ती बाजारामागच्या फर्निचरच्या कारखान्यात गेली आणि मालकीणबाईंना म्हणाली, "मला शिकायचंय." पहिल्याच दिवशी रंधा अडला, बोटात लाकडाचं कुसळ घुसलं, खांदे भरून आले. स्वप्नात यातलं काहीच नव्हतं. तरी घरी येताना ती गुणगुणत होती. थोड्याच दिवसांत तिनं दवाखान्यातलं काम अर्ध्या दिवसावर आणलं.

"पंख्याखालची नोकरी सोडून रंधा मारणार?" बाबा कडाडले. "लोक काय म्हणतील?"

"खुर्च्या मोडल्या की लोकच येतील, बाबा."

दाढेवर कॅप बसून काम संपलं त्या संध्याकाळी ती त्याला बस स्टॉपपर्यंत सोडायला गेली. दोन दिवसांनी त्याला जहाजावर हजर व्हायचं होतं. त्यानं तिची पट्टी बांधलेली बोटं अलगद हातात घेतली.

"दुखतं?"

"छान दुखतं."

त्यानं पट्टीचं सुटलेलं टोक नीट खोचलं. मग पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. "तुझ्या त्या खोलीत... मी असतो का गं कधी?"

हो म्हणणं सोपं होतं. पण या माणसापुढे ती आपल्या स्वप्नांबद्दल कधी खोटं बोलली नव्हती.

"नाही."

बस आली. तो जरा उशिरा हसला. "खरं बोललीस," म्हणाला आणि चढला. बस वळणाआड गेली तरी तिचा हात तसाच पुढे होता...

दिवस गेले. कारखान्यात तिचा हात बसला. आता ती खोली खरीच होती, तेव्हा तिथे पळून जायची गरजच उरली नव्हती. तंद्री सुटली म्हणून आई खूश होती. पण एका दुपारी, करवत चालू असतानाच, तिला तो दिसला. दारात, खांद्यावर बॅग, केसांवर भुसा...

"अगं, लक्ष कुठेय?" मालकीणबाई ओरडल्या. फळी वाकडी कापली गेली होती.

ती तशीच अंगणात गेली आणि फोन लावला. नशीब, जहाज कुठल्याशा बंदरात होतं.

"आज एक फळी वाया घालवली मी."

"का गं?"

"तू दारात उभा होतास."

पलीकडच्या वाऱ्यातून अगदी हळू आलं, "मग... काय केलं मी?"

"काही नाही. मी म्हणाले..." तिनं हातावरचा भुसा झटकला. "मी म्हणाले, आत ये ना."

"आलो?"

"तेवढ्यात मालकीणबाई ओरडल्या."

तो हसला. हसता हसता त्याचा आवाज ओला झाला. "येतो. अजून दोन बंदरं, की सरळ तिथेच येतो. थांबशील?"

"हो."

फोन बंद झाल्यावरही तिनं तो कितीतरी वेळ कानाशी धरला होता. आत आली तेव्हा मालकीणबाईंनी नवी फळी पुढे सरकवली.

"झालं बोलून? आता तरी कामात लक्ष लागेल का?"

"नाही लागणार," ती लाजून म्हणाली, "तो येईपर्यंत तरी नाही."