भिंतीपलीकडची शेजारीण

त्या संध्याकाळी मी शिंपीकाकांना बादली द्यायला निघाले होते. बाकी काही नाही. आमच्या निवाऱ्यातून माणूस स्वतःच्या खोलीत राहायला गेला, की सुरुवातीला त्याच्याकडे मीच एक चक्कर मारते. खोली देताना गादी, शेगडी, कुलूप सगळं आठवणीनं देतो आणि बादली हमखास विसरतो.

निवारा मी चालवते. एक लांबलचक हॉल, ओळीनं खाटा, मागे स्वयंपाकघर. पण तिथे कुणी मुक्काम ठोकावा, असं आम्हाला वाटत नाही. आधी सुधारा, मग घर देतो, असली भाषा आमच्याकडे नाही. आधी घर. दाराला आतून कडी लावता आली, की बाकीचं माणूस आपलं आपण मार्गी लावतो.

शिंपीकाकांनी कितीतरी वर्षं बसस्थानकामागे काढली होती, कात्री उशाखाली ठेवून. त्यांना खोली मिळाली ती एका जुन्या इमारतीत, सगळ्यात वर, गॅलरीच्या अगदी टोकाला.

धुकं उतरलं होतं. जिन्यात ओल्या भिंतींचा वास कोंडला होता, आणि माझ्या हातातली बादली प्रत्येक पायरीवर कुरकुरत होती. काकांनी दार उघडलं. खाटेवरच्या गादीचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. अंथरूण होतं जमिनीवर, टोकाच्या भिंतीला अगदी चिकटून.

“खाटेवर झोप लागत नाही का, काका?”

“उशाला कुणाचे पाय नाहीत, पायथ्याला कुणाचं डोकं नाही. अशी कुठे झोप लागते का, ताई?”

आम्ही दोघंही हसलो. घर मिळालेल्या माणसाला पहिल्यांदा शांतताच खायला उठते, हे मला ठाऊक होतं. मुलगा दूरदेशी गेल्यापासून माझ्याही घरात जेवताना माझ्या एकटीचा चमचा तेवढा वाजतो.

“पण शेजार चांगला लाभलाय,” काका भिंतीकडे बघत म्हणाले. “बाई एकटीच आहे. मी खोकलो, की तिकडून विचारते, पाणी प्यालात का म्हणून. आपलं असं कोण विचारतं? तिला एक पडदा शिवून देतोय. फार वारा येतो म्हणते.”

त्यांच्या मांडीवर जाड हिरवं कापड पसरलेलं होतं. टाके इतके बारीक, की दिसूही नयेत. मला बरं वाटलं. माणूस दुसऱ्यासाठी काही करायला लागला, की समजावं, तो रुळला.

निघताना त्या शेजारणीची ओळख करून घ्यावी, म्हणून गॅलरीत वळले आणि थबकले. काकांच्या दारापुढे दुसरं दारच नव्हतं. गॅलरी तिथेच संपत होती. कठड्यापलीकडे नुसतं धुकं.

मी खाली उतरले, इमारतीला वळसा घातला आणि मान वर केली. टोकाच्या भिंतीपलीकडे रिकामं मैदान होतं. पण उघड्या भिंतीवर, पार वर, काकांच्या खोलीच्या उंचीला, फिकट निळ्या रंगाचा एक मोठा चौकोन दिसत होता. त्यात एक कोनाडा, आणि शेजारी कपडे अडकवायच्या खुंट्या. कुणाच्या तरी घराची आतली बाजू अशी वाऱ्यापावसात उघडी पडलेली.

“ही इमारत आधी दुप्पट होती,” मागून वॉचमन म्हणाला. “तिकडची अर्धी पाडली.”

“आणि तिथली माणसं?”

“सगळ्यांना दुसरीकडे घरं दिली.” तो जरा घुटमळला. “एक बाई हलायला तयार नव्हती… तिलाही दिलं असेल. आपण कुठे बघायला गेलो?”

आमच्या नर्सबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, एकटेपणात कान असे खेळ करतातच. मी मान डोलावली. पण काकांसाठी तळमजल्यावरची, माणसांच्या गजबजाटातली खोली शोधायला लागले.

ती मिळाली, तेव्हा सांगायला म्हणून पुन्हा गेले. दिवस नुकताच कलत होता. जिन्यातच आवाज कानावर आला. खरड… खरड… जरा थांबून पुन्हा खरड.

दार उघडंच होतं. काका भिंतीसमोर बसले होते, केसांवर, भुवयांवर गिलाव्याची पांढरी धूळ. हातात कात्री. भिंतीवरचा गिलावा माणसाच्या उंचीइतका खरवडला होता, आणि आतल्या विटा आजूबाजूच्या विटांपेक्षा वेगळ्या रंगाच्या होत्या. कधीकाळी बुजवलेलं दार.

“पडदा झाला, ताई. पण द्यायला तिकडचा जिनाच सापडेना. मग तीच म्हणाली, इथून दार होतं…”

एक वीट निखळली होती. त्या भोकातून गार वारा आत शिरत होता, आणि त्याबरोबर धुकंही.

मी त्यांचा हात धरला. “काका, पलीकडे काही नाहीये. खोली नाही, जमीन नाही. पाऊल टाकलंत तर सरळ खाली…”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच खुळी झालेय. “मग बोलतं कोण?”

आणि भोकाच्या पलीकडून, अगदी जवळून, दबक्या आवाजात कुणीतरी विचारलं,

“कोण आलंय…?”

“आमच्या ताई,” काका कौतुकानं म्हणाले.

जिना मी कशी उतरले, ते मला सांगता यायचं नाही. काकांचा हात मात्र सोडला नव्हता. ते सारखे म्हणत होते, “पुन्हा हलवू नका हो मला, पुन्हा हलवू नका.”

नव्या खोलीत ते रुळले. शेजारी मोठं कुटुंब, दिवसभर भांड्यांचा आणि पोरांचा कल्ला. काका खाटेवर झोपायला लागले. फक्त एकदा म्हणाले, “ती एकटी पडली असेल, ताई.”

गवंड्यानं भिंत बुजवली. त्यानंतर काकांचं राहिलेलं सामान आणायला मी एका दुपारी त्या खोलीत गेले. लख्ख ऊन होतं. बादली होती, कात्री होती. पडदा कुठेच नव्हता. वॉचमनला विचारलं होतं, वर कुणीही गेलं नव्हतं.

सामान उचलून मी वळले.

“गेले का ते?”

भिंतीतून नाही, भिंतीच्या पलीकडून. आवाजात भीती घालणारं काहीच नव्हतं. रोज संध्याकाळी आमच्या दाराशी येऊन उभ्या राहणाऱ्या बायकांचा असतो, तसाच दमलेला आवाज.

“हो,” मी बोलून गेले.

“घर मिळालं त्यांना?”

“मिळालं.”

मग अगदी हळू, “आणि मला…?”

इतकी वर्षं या कामात काढल्यावर काही शब्द जिभेवर बसलेले असतात. विचार करायच्या आत ते बाहेर पडतात.

“बघते,” मी म्हणाले.

मग मात्र मी मागे न बघता निघाले. बराच वेळ बाजारात गर्दीत फिरत राहिले, माणसांचे धक्के अंगाला लागावेत म्हणून. निवाऱ्यावर पोचले, तेव्हा पानं वाढली जात होती. स्वयंपाकीणबाई दारातच भेटल्या.

“ताई, तुम्ही पाठवलेली बाई आली हं.”

“मी? कुठली बाई?”

“ताईंनी ‘बघते’ म्हटलंय, असं म्हणाली. टोकाची खाट मागितली. जेवायला नको म्हणाली. दिसायला कशी होती म्हणाल तर…” त्या थांबल्या. हातातला डाव तसाच राहिला. “अगं बाई, आठवतच नाही.”

मी हॉलमधून चालत गेले. दोन्हीकडे नेहमीचंच, खोकणं, पेल्यांचा आवाज, कुणीतरी कुणाला तरी चिडवत होतं. टोकाकडे मात्र सगळे गप्प होते. शेवटच्या खाटेवर चादर नीट पसरलेली होती आणि खाट रिकामी होती. शेजारच्या खाटेवरची म्हातारी तिच्याकडे तोंड करून आडवी झाली होती. हात लांब करून तिनं पंजा त्या रिकाम्या खाटेवर ठेवला होता.

मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू, ताई. आत्ताच डोळा लागलाय तिचा. किती दिवसांनी झोपलीय कोण जाणे.”

मी तिच्या हाताकडे बघत उभी राहिले. तो हात चादरीला टेकलेला नव्हता. चादरीपासून जरासा वर, हवेत, सैल विसावला होता, आणि एका संथ लयीत वर येत होता, खाली जात होता.