चुन्याचे दगड

सन चौतीसच्या चैत्रात, एकरुख तलावाच्या उघड्या पडलेल्या काठावर सुरय पक्ष्यांची घरटी पाच होती आणि अंडी चौदा. घरटी म्हणजे वाळूतले नुसते खळगे. तीन घरट्यांत मिळून आठ अंडी होती, ती तलावातला गाळ वाहणाऱ्या बैलगाड्यांच्या ऐन वाटेवर. उरलेली सहा पलीकडच्या खडकाळ टोकावर. रुद्राणी वाकून पुन्हा मोजत होती, तोच अंगावर छत्रीची सावली पडली.

"बाई, इथून गाड्या जातात. उठा बघू."

"आधी तुम्ही थांबा. पाय खाली टेकू नका."

तलावावरचा नवा ओव्हरसियर यज्ञेश्वर एका पायावर तसाच उभा राहिला. उचललेल्या बुटाखाली ठिपक्याठिपक्यांचं करडं अंडं होतं.

"किती वेळ... असं उभं राहायचं?"

"पिल्लं बाहेर येईपर्यंत," ती म्हणाली, आणि मग तिलाच हसू आवरेना.

पुण्याहून बी.एस्सी. होऊन आलेली रुद्राणी सोलापुरात मुलींच्या शाळेत शिकवायची. सुट्टीच्या दिवशी आत्याला टांग्यात घालून ती तलावावर यायची. आत्या बाभळीखाली डुलक्या काढायची.

"एक चाक फिरलं की यंदाची वीण संपली," रुद्राणीनं यज्ञेश्वरला सांगितलं.

"बघतो," तो म्हणाला. सरकारी माणसं म्हणतात तसंच – पण नजर मात्र सरकारी नव्हती.

पुढच्या रविवारी तो वाटच पाहत होता. वाटेवरच्या तिन्ही घरट्यांभोवती पांढऱ्याशुभ्र दगडांची कडी मांडलेली होती.

"गाडीवाल्यांना लांबून दिसावं म्हणून. चुना मीच फासलाय."

रुद्राणीनं खाली बसून मोजलं. मग पलीकडच्या टोकावर जाऊन आली.

"तिकडची सहाही आहेत. इथं आठांपैकी दोन उरलीत." तिनं बांधावरच्या कावळ्यांकडे बोट केलं. "लांबून दिसतं ते त्यांनाही दिसतं."

त्याचा चेहरा उतरला. तिला रागवायचं होतं... पण चुन्यानं तडकलेली त्याची बोटं दिसली आणि राग काही टिकेना.

"खात्यात जे जपायचं, त्याला चुना फासतात," तो हळूच म्हणाला. "मला दुसरं काही सुचलं नाही."

"उचलू या."

दोघं दगड उचलून पाण्यात टाकू लागले. मेंढरांना पाण्यावर घेऊन आलेली मायाक्का काठीवर रेलून बघत राहिली.

"सायेब, काल मांडलं आन् आज उचलताय. बाई न्हाय म्हनल्या व्हय?"

"अजून विचारलं नाही," यज्ञेश्वरच्या तोंडून निघून गेलं.

मायाक्का गालात हसली. "मग इचारा की."

रुद्राणीच्या हातातला दगड हातातच राहिला. यज्ञेश्वर घाईनं म्हणाला, "गाड्यांची वाट मी बांधाकडून वळवतो. कावळे हाकायला रोज सकाळी येऊन बसेन."

"आणि मोजणार कोण?"

"मीच."

"एकट्याची मोजणी धरत नाहीत," ती दगडाकडे बघत म्हणाली. "दोघांनी वेगवेगळं मोजून ताडून पाहावं लागतं."

"म्हणजे तुम्हीही... रोज?"

"टांग्याचं आत्याला विचारा." तिनं हातातला दगड पाण्यात टाकला. "बाकीचंही... तिलाच विचारा."

वैशाख सरता सरता आत्या आणि यज्ञेश्वरची आई त्याच बाभळीखाली मुहूर्ताचं बोलत बसल्या होत्या. काठावर दोघं दोन टोकांकडून मोजत आले आणि मध्ये भेटले.

दगड उचलले तेव्हा अंडी उरली होती आठ. पिल्लं – यज्ञेश्वरची मोजणी सात, रुद्राणीची सात.