ढोल्या ओकला, पण का?

“उलटी नंबर दोन!” टमाट्या अंगणातूनच ओरडला.

चिमटीने वहीत वेळ टाकली. सुट्टीत ती मामाकडे आली होती, आणि मामाचं घर म्हणजे कुत्र्यांचं वसतिगृह! लोक फिरायला गेले की त्यांची कुत्री इथे राहायची. टमाट्या हा मामाचाच मुलगा. आणि ढोल्या म्हणजे इथला सगळ्यात खादाड पाहुणा! पण आज तो पाण्यालाही तोंड लावत नव्हता.

“गवत खाल्लं म्हणजे पोट बिघडलेलंच होतं,” मामाने निकाल दिला. “उपास आणि चूर्ण! डॉक्टरबाई येतीलच अकराला.”

“अरे मामा, तो रोज गवत खातो! बारा दिवस लिहितेय मी, एकदाही ओकला नाही. काल पहिल्यांदा मागच्या नळापाशी खाल्लं, आणि...”

“बाईसाहेब, आधी पिंजरे धुवा!”

पिंजरे राहिले बाजूला! दोघं मागे धावली. नळाभोवतीचं गवत पिवळं पडलं होतं. या आठवड्यापासून माळीकाका शेजारच्या वाटेवर तणनाशक फवारत होते.

“काका, फवारणीचा पंप इथे धुता का हो?” चिमटीने विचारलं.

“छे! घरी नेऊन धुतो. नसती नाकं खुपसू नका!”

“कबूल नाही करणार,” टमाट्या पुटपुटला.

“मग करून दाखवू दे की!” चिमटी म्हणाली आणि तिने मागच्या नळाला पाणी आणणाऱ्या पाइपाची चावी बंद केली.

अकराला डॉक्टरबाई ओसरीवर ढोल्याला तपासत होत्या. फवारणी संपवून काकांनी मागचा नळ फिरवला. ठणठणाट! ते तणतणत पुढच्या नळाशी आले, पंप विसळला आणि गवतावर उपडा करणार, तोच चिमटीने खाली बादली सरकवली!

“अहो, विष आहे ते!” डॉक्टरबाई कडाडल्या.

“मागे तर रोजच ओततो...” काकांनी जीभ चावली.

डॉक्टरबाईंनी चूर्ण थांबवलं, सलाईन लावलं. “धडधाकट कुत्रीसुद्धा गवत खातात. का, ते नक्की कुणालाच ठाऊक नाही. पण गवतावर काय पडलंय ते बघायला हवं होतं. पोरं नसती तर उशीर झाला असता!”

मामा खाली बघत म्हणाला, “वीस वर्षं कुत्री सांभाळतोय, आणि डोळे उघडले या दोघांनी!”

मागचं गवत उपटून माती टाकून दिली. चौथ्या दिवशी ढोल्या पुढच्या हिरवळीवर गेला आणि चरायलाच लागला. मामा सवयीने “हाड्!” करणार होता, पण थांबला.

“खा बाबा,” तो म्हणाला.