फोन पेशंटचाच होता

डॉक्टरची वेळ घ्यायची, एवढंच काम होतं. त्यात घाबरण्यासारखं काय असणार? वैतागण्यासारखं मात्र पुष्कळ होतं, आणि मी मुळातच तापट बाई. सांगताना मध्येच शब्द तिखट आले तर सांभाळून घ्या.

आमचे हे बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचे. सव्वीस वर्षं. कुठली गाडी कितव्या फलाटाला लागणार, कुठली उशिरा येणार, कुणाची पिशवी विसरलीय, सगळं गावाला ह्यांच्या आवाजात कळायचं. बोलण्याआधी एक बारीकसं खाकरायची सवय. घरीही तेच. "चहा स्वयंपाकघराच्या फलाटावर उभा आहे, प्रवाशांनी त्वरा करावी," असं म्हणून मला उठवायचे. सकाळी सकाळी मला हसायला आवडत नाही, तरी हसू यायचं.

यंदा ह्यांचा आवाज बसला. आधी वाटलं, सर्दी असेल. गुळण्या झाल्या, वाफ झाली. महिन्याभरात आवाज घोगरा झाला, मग नुसती कुजबुज उरली, मग तीही गेली. कोपऱ्यावरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी घशात छोटा आरसा घालून पाहिलं आणि गप्प झाले. एरवी ते फार बोलतात. त्यांनी चिठ्ठी दिली: मोठ्या हॉस्पिटलात घशाच्या डॉक्टरांना दाखवा, पंधरा दिवसांच्या आत. 'आत' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. मग मला बाहेर बोलावून हळूच म्हणाले की गाठ आहे, वाढतेय, आणि वेळ दवडलात तर माणूस हातचा जाईल.

आता वेळ दवडू नका म्हणणं सोपं. मोठ्या हॉस्पिटलात घशाचे डॉक्टर एकच, तेही फक्त गुरुवारी बसणार. वेळ फोनवर घ्यायची, आणि वेळ घ्यायचा फोन सकाळी आठ ते नऊ एवढाच चालू; रद्द करायला मात्र दिवसभर. मी आठच्या ठोक्याला नंबर फिरवायची, तर लाईन एंगेज. लागलाच तर आत एक पेटी वाजल्यासारखं संगीत. मग अमुक हवं असेल तर एक दाबा, तमुक हवं असेल तर दोन दाबा. मी दोन दाबून दाबून बोट दुखवून घेतलं. रांगेत सतरावी, मग अकरावी, मग तिसरी, आणि नऊ वाजले की फोन आपोआप कट.

मी एका लॉन्ड्रीत काउंटर सांभाळते. खांद्यावर फोन आणि हातात हँगर, असं चार दिवस चाललं. चौथ्या दिवशी मी एकाचा कोट दुसऱ्याला देऊन टाकला. पावतीचा नंबर पाहिल्याशिवाय रुमालसुद्धा न देणारी मी. रागवायला आलेले मालक माझ्या तोंडाकडे पाहूनच परत गेले. पण त्याच दिवशी, नऊला दोन मिनिटं कमी असताना, पलीकडून जिवंत माणूस बोलला. पुढच्या आठवड्यातला गुरुवार मिळाला, दुपारी चारची वेळ.

त्या गुरुवारी आम्ही साडेतीनलाच जाऊन बसलो. लांबलचक बोळ, एका बाजूला लोखंडी बाकं, फिनेलचा वास, आणि टोकाला काच लावलेली खिडकी. खिडकीत माझ्याच वयाच्या एक बाई, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांनी रजिस्टर पाहिलं, कॉम्प्युटर पाहिला आणि ही वेळ रद्द झालीय म्हणून सांगितलं.

मी विचारलं, कुणी केली? म्हणाल्या, पेशंटने. परवा फोन आला होता.

"पेशंट हे काय इथे उभे आहेत," मी म्हटलं. "दोन महिने झाले, त्यांच्या तोंडून शब्द फुटलेला नाही. ते फोन कसा करतील?"

बाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं, मग पुन्हा स्क्रीनकडे. जन्मतारीख बरोबर सांगितली होती, पत्ता बरोबर सांगितला होता. नियमाप्रमाणे वेळ दुसऱ्याला दिली गेली होती, आणि तो दुसरा आमच्या डोळ्यांदेखत आत गेला. मी खूप बोलले. बाकांवरची माणसं माना वळवून पाहायला लागली. ह्यांनी माझी कोपरं धरून मला बाजूला नेलं आणि खिशातल्या वहीवर लिहिलं, 'चूक झाली असेल. पुढचा गुरुवार घे.' हा माणूस आयुष्यभर असाच. भांडायचं सगळं काम माझ्या वाट्याला.

पुढचा गुरुवार मी खिडकीतच उभं राहून घेतला, शिक्का मारलेल्या कागदावर. फोनवरून रद्द करू नये असा शेरा बाईंनी रजिस्टरमध्ये लिहिला, तो मी उलट्या बाजूने वाचून खात्री करून घेतली. तोपर्यंत ह्यांना घास गिळवेनासा झाला होता. पातळ करून दिलं तरी अर्धं बाहेर यायचं, आणि हे तोंड पुसून माझ्याकडे पाहून हसायचे. चिठ्ठीतले पंधरा दिवस संपले. रात्री ह्यांच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला होता, आणि मी अंथरुणात पडून हॉस्पिटलला, टेलिफोनला, सगळ्या जगाला शिव्या घालायची.

पुढच्या गुरुवारी वेळ पुन्हा रद्द झालेली होती.

या वेळी मी ओरडले नाही. ओरडण्याचं त्राणच उरलं नव्हतं. खिडकीतल्या बाईच उठून बाहेर आल्या. त्या सकाळच्या पाळीला नव्हत्या, दुसरीने शेरा न वाचता फोन घेतला होता. "ताई, आत या," म्हणाल्या. "सगळे फोन रेकॉर्ड होतात आमच्याकडे. तुम्हीच ऐका. कोण त्रास देतंय ते तुम्हाला ओळखू येईल."

फायलींनी भरलेली चिंचोळी खोली होती. भर दुपार, खिडकीतून ऊन आत आलेलं, पंखा गरगरत होता. बाईंनी यंत्राचं बटण दाबलं. मंगळवार, अकरा वीस. त्या वेळी हे लॉन्ड्रीत माझ्यासमोर बसले होते, हे मला पक्कं आठवत होतं.

आधी एक बारीकसं खाकरणं ऐकू आलं… मग आवाज.

"नमस्कार. गुरुवारची चारची वेळ रद्द करायची होती. आता बरं वाटतंय मला. आमच्या हिला उगाच काळजी करायची सवय आहे."

ह्यांचा आवाज. आजारी पडायच्या आधीचा, भरलेला, फलाटाच्या टोकापर्यंत जाणारा. नक्कल म्हणावं तर 'उगाच' म्हणताना ह्यांचा स्वर जसा खाली उतरतो तसाच उतरलेला. आणि त्या आवाजाच्या मागे काही नव्हतं. रस्ता नाही, पंखा नाही, भांड्यांचा आवाज नाही. फोन करणारा कुठे बसलाय म्हणावं, तर कुठेच नाही…

मी ह्यांच्याकडे वळले. हे गळ्यावर हात धरून उभे होते आणि डोळे पाण्याने भरलेले. वही काढून त्यांनी एवढंच लिहिलं, 'मीच आहे.'

बाईंनी ते वाचलं. त्यांनी पुढचा गुरुवार लिहून दिला.

मंगळवारी दुपारी लॉन्ड्रीत आम्ही दोघंच होतो. मालक जेवायला गेले होते. मागे मशीन धपधप करत होतं, ओल्या लोकरीचा आणि वाफेचा वास भरून राहिला होता. हे स्टुलावर बसून चिठ्ठ्यांवर नंबर घालत होते. घरी एकटं बसवत नाही म्हणून यायचे. काउंटरवरचा फोन वाजला.

"अगं, मी बोलतोय."

मी समोर पाहिलं. हे मान खाली घालून लिहीत होते. ओठ मिटलेले.

"कोण?" मी विचारलं.

"आता माझा आवाजही ओळखत नाहीस का?"

भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण चार आठवड्यांचा राग त्या भीतीच्याही वर होता. मी तोंडावर हात धरला आणि दबक्या आवाजात जे सुरू केलं ते थांबेना. म्हटलं, लाज नाही वाटत? रोज आठ वाजता मी फोनला कान चिकटवून उभी राहते, बोळात तासन्‌तास बसते, लोकांपुढे तमाशा होतो, आणि तुम्ही मजेत फोन उचलून रद्द करून टाकता? माणूस पाण्याच्या घोटाला महाग झालाय इकडे. का केलंत असं?

तो आवाज सगळं ऐकून घेत राहिला. हेसुद्धा असंच ऐकून घेत.

"ते मला काढून टाकतील गं…" शेवटी तो म्हणाला. "त्याला वाचवायचं तर मला काढावंच लागेल. गाठ माझ्यातच आहे. म्हणून मी आधीच निघालो… वेळ नाही मिळाली तर मी राहीन. रोज दुपारी फोन करीन तुला. तो काही आता बोलणार नाही तुझ्याशी."

आणि मला मोह झाला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दोन महिन्यांत मला कुणी 'अगं' म्हटलं नव्हतं. घरात चमच्याचा आवाज तेवढा व्हायचा. पलीकडे तो थांबला होता, आणि आता काहीतरी बोलेल, मला हसवेल, म्हणून मी फोन कानाला दाबून धरला होता. तेवढ्यात हे खोकले. खोकल्यालाही आवाज नव्हता, नुसते खांदे हलले आणि चिठ्ठ्या खाली सांडल्या. हे वाकून एक एक गोळा करायला लागले.

"मला हे हवेत," मी म्हटलं. "बोलले तरी, नाही बोलले तरी. परवाची वेळ रद्द करायची नाही. ऐकलंत?"

पलीकडे एक बारीकसं खाकरणं ऐकू आलं…

"बरं," तो म्हणाला. "सांभाळ त्याला." आणि फोन ठेवला गेला.

ह्यांनी मान वर करून खुणेने कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, गिऱ्हाईक.

गुरुवारी वेळ जागच्या जागी होती. डॉक्टर तरुण, दमलेले. चिठ्ठीवरची तारीख पाहून माझ्यावरच उखडले. पंधरा दिवसांत यायला सांगितलं होतं, महिन्याने येताय, घरच्यांना काही काळजी? मी ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. आठवड्याभरात ऑपरेशन झालं. स्वरयंत्र सगळंच काढावं लागलं, गळ्याला श्वासासाठी भोक ठेवलं. शुद्धीवर आल्यावर ह्यांनी खुणेने वही मागितली आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत पहिला शब्द लिहिला, 'चहा?' मी तिथे नर्ससमोर ढसाढसा रडले.

त्याला दोन महिने झाले. हे बरे आहेत. खातात, चालतात, गळ्याला पांढरा रुमाल बांधून लॉन्ड्रीत माझ्याशेजारी बसतात. दुपारचा फोन पुन्हा आला नाही. आला तर काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं, पण आला नाही.

आज मंगळवार. दुपारी मोबाईल वाजला. खिडकीतल्या बाई होत्या. परवाची वेळ पक्की ना, एवढंच विचारायचंय म्हणाल्या. मी म्हटलं, ह्यांची तपासणी पुढच्या महिन्यात आहे.

"त्यांची नाही, ताई. तुमची. घशाची."

माझा पारा चढलाच. मला काही झालेलं नाही, मी मागितली नाही, आणि ज्यांना हवी ते चार चार दिवस फोन लावत बसतात. कुणी घेतली ही वेळ?

"तुमच्या मिस्टरांनी. काल सकाळी आठ वाजता. पहिल्याच फोनला लागला त्यांना." बाईंचा स्वर एकदम उतरला. "मी म्हटलंही त्यांना, साहेब, तुमची फाईल माझ्यासमोर आहे… तर म्हणाले, ते राहू द्या. तिला अजून काही जाणवत नाहीये, म्हणून ती येत नाही म्हणेल. पण वेळ ठेवा. आणि रद्द करायला फोन आला तर करू नका… तिचा स्वतःचा आला तरी."

मागे मशीन थांबलं होतं. हे माझ्याकडे पाहत होते.

"मग…" मी विचारलं. "आला का?"

"आत्ताच आला होता. दहा मिनिटं झाली असतील. तुम्हीच आहात असं समजून मी बोलत होते, ताई. वेळ रद्द करा म्हणाल्या. मी का म्हणून विचारलं, तर चिडल्या माझ्यावर… अगदी तुम्ही चिडता तशा."

मी फोन ठेवला. ह्यांनी कोण म्हणून भुवया उडवल्या. मी सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. ह्यांच्या हातातली वही ओढून घेतली आणि लिहिलं, 'गुरुवारी चार वाजता मला घेऊन चला. मी नको म्हटलं तरी.'