घंटा वाजेपर्यंत थांबावे

एफी टुलकला कागदावरचा रिकामा चौकोन बघवत नसे. आर्ब्रोथ गावात तीस वर्षं घरोघरी फिरून तिने म्हाताऱ्यांच्या जखमा बांधल्या, इंजेक्शनं दिली, ती सगळी वहीत चौकोन आखून. नोकरी संपली तरी खोड गेली नाही. म्हणून नवऱ्याच्या, रॅबच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी "आता बेताने गोल्फ खेळायला हरकत नाही" असं म्हणताच ती त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून बसली.

एखाद्या सहल कंपनीला सांग, असं मुलीचं, मोरवेनचं म्हणणं. गाडी दारात येते, हॉटेल ठरलेलं असतं, गोल्फच्या जड पिशव्यासुद्धा तेच उचलतात. एफीने ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. दुसऱ्याने आखलेल्या सहलीला जाणं म्हणजे दुसऱ्याची कवळी लावून जेवणं, असं तिचं मत होतं. तिने स्वतः क्लबांना फोन केले, खोल्या ठरवल्या. सोमवारी टेन, मंगळवारी डॉर्नॉक, बुधवारी ब्रोरा, तिथे खेळणाऱ्यांच्या बरोबरीने मेंढ्याही मैदानात असतात. शुक्रवारी परतीचा रस्ता, शनिवारी घर. आणि रविवारी नातीचा बाप्तिस्मा.

रविवारचा चौकोन तिने लाल पेन्सिलीने दोनदा गिरवला होता. बाळाला रॅबच्या आईचं नाव ठेवायचं होतं, ग्रिझेल. मोरवेनला ते आधी मुळीच पसंत नव्हतं. शाळेतली पोरं तिला फाडून खातील, असं नाव आता स्कॉटलंडभर शोधलं तरी सापडायचं नाही, असं ती म्हणाली होती. पण बापाला स्ट्रेचरवरून आत नेताना पाहिलं तेव्हा ती कबूल झाली. एफी बाळासाठी पांढरी शाल विणत होती. वीतभर झाली होती.

एफीच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याला तिचे आजी-आजोबा आले नव्हते. चार दिवस उत्तरेकडे फिरायला-खेळायला म्हणून गेले ते गेलेच. गाडी रस्त्याकडेला सापडली, माणसं सापडली नाहीत. एफीची आई हे मरेपर्यंत विसरली नाही, आणि तिचा राग नशिबावर नव्हता, त्या दोघांवर होता. पाळण्यापाशी यायचं सोडून खेळायला कशाला गेले, म्हणायची. म्हणून एफीने मनाशी पक्कं केलं होतं, की जग इकडचं तिकडे झालं तरी रविवारी आपण चर्चच्या पहिल्या बाकावर असायचं.

राहता राहिली गुरुवारची दुपार. तेवढा एक चौकोन रिकामा. एफीने भिंग घेऊन किनारा चाचपला आणि थर्सोच्या अलीकडे समुद्रालगत तिला गोल्फचं चिमुकलं निशाण दिसलं. स्कारवेग, नऊ होल. फोन नंबर कुठेच मिळेना.

"राहू दे की," रॅब म्हणाला. "एक दुपार माणसाने घोरावं."

तिने चौकोनात स्कारवेग लिहून टाकलं.

गुरुवारी दुपारी ते तिथे पोचले तेव्हा लाल पत्र्याच्या क्लबघराला कुलूप होतं. दारातल्या पेटीत पैसे टाका आणि खेळा, असा कागद होता. त्यात काही वावगं नव्हतं, उत्तरेकडे लहान मैदानं अशीच विश्वासावर चालतात. ऊन होतं. काटेरी झुडपं पिवळ्या फुलांनी लगडली होती आणि त्यांचा ओल्या खोबऱ्यासारखा वास सगळीकडे भरला होता. रॅब खुशीत होता. पहिली सहा होल तो रमतगमत खेळला. एफी दर होलनंतर त्याची नाडी बघे आणि तो दर वेळी म्हणे, "बाई, मी अजून जिवंत आहे का?"

सातव्या होलपुढे गवताळ टेकाड होतं. चेंडू घालायचं भोक असलेली हिरवळ त्याच्या पलीकडे, इकडून दिसत नव्हती. अशा ठिकाणी रीत ठरलेली असते. पुढच्यांनी खेळ आटोपला की हिरवळीजवळची घंटा वाजवायची, ती ऐकल्याशिवाय मागच्यांनी चेंडू मारायचा नाही, नाहीतर कोणाचं तरी डोकं फुटायचं. पाटीवर तेच लिहिलं होतं. घंटा वाजेपर्यंत थांबावे. खेळ झाल्यावर घंटा वाजवल्याशिवाय जाऊ नये.

बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. म्हाताऱ्याने टाय बांधला होता आणि त्याच्या स्टिकांची डोकी लाकडी होती. बाई विणत होत्या. पांढरी शाल, कडेला शिंपल्यांची नक्षी, एफीच्याच शालीसारखी. मात्र ती त्यांच्या मांडीवरून खाली उतरून गोल्फच्या पिशवीत शिरली होती आणि पिशवी गळ्यापर्यंत भरली होती.

"घंटेची वाट बघतोय," म्हातारा म्हणाला.

"फार वेळ झाला का?" रॅबने विचारलं.

"झाला असेल थोडा."

बाईंनी थर्मासमधून कपात चहा ओतून एफीपुढे धरला. चहाला नाही म्हणणं एफीला माहीत नव्हतं. एका घोटात तिची जीभ पोळली. सकाळीच भरलाय, बाई म्हणाल्या. एफीने शाल कोणासाठी म्हणून विचारलं. नातीसाठी, रविवारी बाप्तिस्मा आहे, असं उत्तर आलं. आमच्याकडेही रविवारीच, एफी हसून म्हणाली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"तुम्ही पुढे व्हा," बाई म्हणाल्या.

त्याच क्षणी टेकाडापलीकडे घंटा वाजली. स्वच्छ, एकदाच.

रॅबने टोपी काढून आभार मानले, चेंडू मारला, आणि टेकाडाच्या चढावर जाऊन हाक दिली, "युफेमिया टुलक, निघतेस का आज?" चिडवायचं असलं की तो तिचं बाप्तिस्म्याचं पूर्ण नाव घेई. एफीच्या मागे काहीतरी सांडल्यासारखं झालं. तिने वळून पाहिलं. बाईंच्या हातातला कप कलंडला होता, चेहरा पांढराफटक पडला होता, आणि सांडलेल्या चहात बोटं बुडवून त्या नवऱ्याला सांगत होत्या, "गार झाला." म्हातारपण, दुसरं काय, असं एफी मनाशी म्हणाली आणि चालू लागली.

हिरवळीवर कोणी नव्हतं. पुढेही कोणी चालताना दिसेना. रॅबने चेंडू भोकात घातला आणि खांबावरच्या घंटेची दोरी ओढली. आवाज आला नाही. एफीने वाकून आत पाहिलं. घंटेला आत आपटणारी लोळीच नव्हती. लोळी अडकवायच्या कडीवर कोळ्याने घर केलं होतं, आणि ते जुनं होतं.

"मग आता वाजवली कोणी?" रॅबने विचारलं.

एफीने स्टिक आपटून पाहिली. ओल्या लाकडावर मारल्यासारखा थड असा आवाज झाला. रॅब हटून बसला. मागे माणसं ताटकळत असताना घंटा वाजवल्याशिवाय तो आयुष्यात कधी पुढे गेला नव्हता. मीच जाऊन सांगते, म्हणून एफी टेकाड चढली. बाक रिकामा होता. थर्मास, पिशवी, शाल, काहीच नव्हतं.

सुटले बिचारे, कंटाळून परत गेले असतील, असं म्हणून ती दोघं आठव्या होलच्या पायवाटेला लागली. वाट पिवळ्या झुडपांतून जात होती. दोन वळणं घेतली, खोबऱ्याचा वास नाकात गच्च भरला, आणि झुडपं संपली तिथे बाक होता. पाटी होती. पुढे टेकाड होतं.

वाट चुकली, रॅब म्हणाला. एफीने मागे वळून वाट पुन्हा पाहिली. नकाशा वाचण्यात तिची कधी चूक होत नसे.

मग ते क्लबघराकडे निघाले. लाल पत्रा समोर दिसत होता. मधलं फाटक उघडून पलीकडे पाऊल टाकलं, तर पायाखाली बाकापुढची तुडवलेली माती.

समुद्राच्या अंगाने गेले. वाळूतून वर यायला पायऱ्या होत्या. सातवी पायरी चढली की बाक.

एफी घाबरली. खरोखर घाबरली, आणि ते रॅबला दिसू नये म्हणून तिने त्याचं मनगट धरलं. बहात्तर. एवढ्या चढउतारानंतर बहात्तर. थोड्या वेळाने पुन्हा धरलं. बहात्तर. ऑपरेशननंतर त्याची नाडी कधीच एवढी शहाण्यासारखी वागली नव्हती.

"बस तू," ती म्हणाली. "कोणीतरी येईल."

कोणी आलं नाही. फोनला रेंज नव्हती. त्यावर तीन चाळीस झाले होते, नंतर पाहिलं तेव्हाही तीन चाळीस. जूनमध्ये त्या बाजूला उजेड लांबतो हे एफीला ठाऊक होतं, म्हणून आधी तिने त्याचं काही वाटून घेतलं नाही. बाकाची सावली मात्र एकाच दगडावर पडून होती. खडकावरचा पक्षी तीनदा ओरडून थांबे, पुन्हा तीनदा ओरडे. तिने स्वतःचा थर्मास उघडून चहा ओतला आणि पहिल्या घोटाला तिची जीभ पोळली.

हातपिशवीतली शाल काढून ती विणत बसली. हाताला काम असलं की डोकं फिरत नाही, हे ती रोग्यांच्या बायकांना नेहमी सांगे. शाल गुडघ्याला आली. नंतर पावलांवर आली. लोकरीचा गोळा संपला नाही, आणि तो का संपत नाही हे बघायला ती पिशवीत वाकली नाही. अधूनमधून दोघं उठून पायवाटेने जाऊन येत. पुढे पुढे तेही थांबलं.

"ती दोघं गेली कशी, कळलं का तुला?" रॅबने एकदा विचारलं.

"कशी?"

"आपल्याला पुढे घालून."

एफीला ते केव्हाच कळलं होतं. तिने टाका मोजल्यासारखं केलं.

"कोणी आलं तर मागे फिरवायचं," रॅब म्हणाला. "कबूल?"

"कबूल," एफी म्हणाली.

शाल जमिनीवर लोळायला लागली तेव्हा तिने गोल्फच्या पिशवीतल्या स्टिका काढून गवतावर ठेवल्या आणि शाल आत भरली. पिशवी गळ्यापर्यंत भरत आली. त्या नक्षीकडे बघता बघता तिला एकाएकी रडू फुटलं. आई बाप्तिस्म्याच्या दिवशी दाराकडे डोळे लावून बसली होती म्हणे. आता मोरवेनही बसली असेल.

आणि मग सहाव्या होलकडून हसण्याचा आवाज आला.

एक मुलगा आणि एक मुलगी. पंचविशीची असतील. त्यांच्या स्टिका कुठल्याशा काळ्या चकचकीत धातूच्या होत्या, एफीने तसल्या कधी पाहिल्या नव्हत्या. मुलगा बडबड्या होता. सगळी सहल हिने आखली, तो सांगायला लागला, कंपनीबिंपनी काही नको म्हणाली. आजची दुपार रिकामी राहिली होती, ती हिला बघवेना, म्हणून इथे.

मुलगी लाजून हसली. तिने एफीने पुढे केलेला चहा घेतला आणि ओठ पोळून घेतला.

"कधीपासून थांबलात?" तिने विचारलं.

"झाला असेल थोडा वेळ," एफी म्हणाली.

रॅबने एफीच्या दंडाला हात लावला. "एफी. त्यांना परत पाठव."

"रविवार आहे, रॅब."

"आपलं ठरलंय."

"मोरवेन वाट बघत असेल," एफी म्हणाली. "आपल्याशिवाय बाळाचं नाव ठेवतील."

मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. नीट वागणारी मुलगी होती. म्हाताऱ्यांच्या बोलण्यात तोंड घालत नव्हती. शालीची कड हातात घेऊन शिंपल्यांवरून बोट फिरवत होती. "किती सुंदर आहे," ती म्हणाली. "कोणासाठी?"

"नातीसाठी," एफी म्हणाली. मग तिने डोळे मिटले. "तुम्ही पुढे व्हा."

टेकाडापलीकडे घंटा वाजली.

मुलाने चेंडू मारला, पिशवी खांद्याला लावली आणि चढ चढू लागला. मुलीने कप एफीच्या हातात परत दिला, आभार मानले, आणि तीही निघाली.

चढावर पोचून मुलाने मागे पाहिलं.

"ग्रिझेल," त्याने हाक मारली, "चल ना लवकर."

एफी उठली. तिच्या मांडीवरून शाल घसरली आणि पायांत आली. ती ओरडली. काय ओरडली ते तिचं तिलाही कळलं नाही. चढावरच्या मुलीने वळून पाहिलं. म्हातारी शुभेच्छा देतेय असं तिला वाटलं असावं. तिने हसून हात हलवला आणि ती पलीकडे उतरली.

खडकावरचा पक्षी तीनदा ओरडला, मग चौथ्यांदा ओरडला. बाकाची सावली दगडावरून खाली सरकली होती. समोर क्लबघराचं फाटक उघडं होतं, आणि त्यापलीकडे रस्ता दिसत होता.

रॅब एफीच्या हातातल्या कपाकडे बघत होता. तिने उरलेल्या चहात बोट बुडवलं.

चहा गार झाला होता.